गरज नसतानाचं कर्म

लोटस एलिस ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, हेथेलच्या कारखान्यात जन्मली. १९९६ साली ती विक्रीला आली तेव्हा तिचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा थोडंसंच जास्त. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ तुळया इपॉक्सीने एकमेकींना चिकटवून केलेला तिचा सांगाडा जेमतेम ६८ किलोंचा. या गाडीच्या सर्व्हिस बुकात एक साधा नियम छापलेला असे: दर ९,००० मैलांनी किंवा दर बारा महिन्यांनी, यांतलं जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग. आता अशी गाडी कुणी रोज कचेरीला जायला घेत नाही. ऊन पडलेल्या रविवारी ती बाहेर निघते, चार वळणं घेते आणि पुन्हा झाकली जाते. मैल भरतच नाहीत. दर वेळी पंचांगच आधी उजाडतं. इंजिन ठणठणीत असतं, ऑइल मधासारखं दिसत असतं, तरी ते काढून नवं भरायचं, फिल्टर बदलायचा, ब्रेक ऑइल तपासायचं. ज्याची गरज कुठेही जाणवत नाही ते केवळ तारीख आली म्हणून का करायचं, असा प्रश्न मालकाला पडला तर त्यात गैर काही नाही. धर्मशास्त्राला हा प्रश्न फार जुना आहे.

वेदांतल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी कर्मांचे तीन वर्ग केले. पाऊस हवा म्हणून कारीरी इष्टी करणं हे काम्य. इच्छा असेल तर करावं, नसेल तर सोडावं. ग्रहण लागलं म्हणून स्नान, मुलगा झाला म्हणून जातेष्टी, हे नैमित्तिक. निमित्त घडलं की करायचं. आणि संध्या, सकाळ-संध्याकाळचं अग्निहोत्र, अमावास्या-पौर्णिमेचे दर्श-पूर्णमास, ही नित्य कर्मं. यांना निमित्त एकच, वेळ. गाडीलाही हे तिन्ही वर्ग जसेच्या तसे लागू पडतात. इंजिनाची ताकद वाढवून घेणं काम्य, खडखड ऐकू आली म्हणून गॅरेज गाठणं नैमित्तिक, आणि बारा महिन्यांचं सर्व्हिसिंग नित्य. पहिल्या दोघांबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण दोन्हींमागे दिसणारं कारण असतं. वाद होतो तो तिसऱ्याबद्दल. नित्य कर्माचं फळ काय, यावर मीमांसकांतच दोन तट पडले. प्राभाकर म्हणतात, विधी सांगतो म्हणून करायचं, फळाचा प्रश्नच गैरलागू. भाट्ट म्हणतात, साचलेल्या दुरिताचा क्षय हे त्याचं फळ. सर्व्हिस बुकात शिक्का पडावा म्हणून गाडी वेळेवर नेणारा मालक प्राभाकर म्हणायचा, आणि आत काहीतरी साचलेलं असणार म्हणून नेणारा भाट्ट. माझा कौल दुसऱ्याला आहे, पण त्याचं म्हणणं नीट तपासून घ्यायला हवं.

आत खरोखर काय साचतं? ब्रेक ऑइलचंच घ्या. ग्लायकॉल-इथर जातीचं हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं; गाडी चालो वा न चालो, रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून ओल आत शिरतच राहते. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, अशी अट आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. रोजच्या वापरात हा फरक कधीच कळत नाही. तो कळतो घाटाच्या लांबलचक उतारावर, ब्रेक तापून लाल झाल्यावर, नळीत वाफ धरली की पेडल थेट खाली जातं तेव्हा. इंजिन ऑइलची कथा अशीच. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. आम्लं तयार होतात आणि त्यांना मारायला घातलेली रसायनं हळूहळू संपतात. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल अधिक सुरक्षित, हा समज उलटाच. रंगावर तर अजिबात जाऊ नये. काळं पडलेलं ऑइल काजळी उचलून धरण्याचं आपलं काम चोख करत असू शकतं, आणि सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमधली रसायनं केव्हाच संपलेली असू शकतात.

हलकेपणाचा मुद्दा इथे येतो. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचा सारा भर वजन उतरवण्यावर होता; त्याच्या शर्यतीच्या गाड्या वेगासाठी जितक्या गाजल्या तितक्याच तुटण्यासाठीही. वजन काढायचं म्हणजे शेवटी राखीव काढायचं: जाड पत्रा, मोठी टाकी, गरजेपेक्षा भक्कम बोल्ट. एलिसच्या पहिल्या पिढीतलं रोव्हरचं के-मालिकेचं इंजिन हे याचं जवळून बघण्याजोगं उदाहरण आहे. हेडपासून तळापर्यंत आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी सगळे थर एकत्र आवळलेले, आणि आतलं कूलंट मुळातच थोडं. त्यात रेडिएटर पार नाकाशी आणि इंजिन आसनांच्या मागे, मध्ये लांबलचक नळ्या. जड ट्रकच्या इंजिनातून लिटरभर कूलंट गळालं तर ते कुरकुर करत का होईना घरी पोचतं. इथे थोडंसं कमी झालं तरी हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते, आणि या इंजिनाचं नाव त्याच एका दुखण्यासाठी जास्त बदनाम झालं. जितकं ओझं कमी तितकी सांभाळण्याची बंधनं जास्त, हे गणित मनुस्मृतीतही सापडतं. मातीपाण्याने शुद्धी करण्याचं जे प्रमाण गृहस्थाला सांगितलं आहे त्याच्या दुप्पट ब्रह्मचाऱ्याला, तिप्पट वानप्रस्थाला आणि चौपट यतीला. वरवर पाहता हे विचित्र वाटतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मळ कसला? पण गृहस्थाचं चुकलं तर त्याला सावरून धरायला घर, शेत, गोतावळा असतो. यतीकडे त्याच्या नियमांपलीकडे काही शिल्लक नसतं.

इथे शंकराचार्यांचा आक्षेप आडवा येतो, आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. नित्य कर्म न केल्याने पाप लागतं, असं म्हणणाऱ्यांना आचार्य गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात विचारतात की न करणं हा तर अभाव. अभावातून भावरूप पाप निपजेल कसं? जे घडलंच नाही ते कशाचं कारण कसं होणार? तर्क बिनतोड आहे. ऑइल न बदलल्याने इंजिनात आम्ल तयार होत नाही, हे अगदी खरं. आम्ल तयार होतं ते इंजिन चालल्यामुळे. आचार्यांनी स्वतःच सुचवलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो: न करणं हे कारण नसून लक्षण आहे, आधीच साचलेलं दुरित आता फळाला येणार, याची ती खूण. सर्व्हिसिंग चुकवणाऱ्याची चूक त्या तारखेला घडत नाही. वर्षभर रोज थोडं थोडं जे घडत आलं ते निस्तरायची संधी त्या तारखेला हुकते, इतकंच. आणि फळ किती कडू, हेही चुकवण्यावर ठरत नाही, घडणीवर ठरतं. माझदाची १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात दाखवलेली एमएक्स-५ हीसुद्धा हलकी स्पोर्ट्स कार. तिच्या पहिल्या पिढीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात थांबते. नवा बेल्ट चढवला की पुन्हा चालते, कारण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. के-मालिकेच्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. टाळाटाळ दोन्हीकडे सारखीच. आचार्यांना अर्थात या युक्तिवादातून संन्यासाची वाट मोकळी करायची होती. गाडीबाबतही ती वाट आहे, पण गाडी झाकून ठेवणं म्हणजे संन्यास नव्हे. उभ्या गाडीचंही रबर कडक होतं, ब्रेक ऑइल पाणी पितच राहतं. संन्यास घ्यायचा तर गाडी विकावी लागेल.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. साचणारं वाईट असतं आणि ते दिसत नाही, एवढ्यावरून ठरलेल्या वेळेचं बंधन सिद्ध होत नाही. दिसेल तेव्हा करू, असं कुणीही म्हणू शकेल. बंधनाचं खरं कारण पाहणाऱ्याकडे आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका दिवसात बसत नाहीत. गाडी वळणावर केसभर जास्त कलू लागते, चालवणारा नकळत केसभर आधी वेग कमी करू लागतो. पेडल थोडं मऊ होतं, पाय थोडा खोल जाऊ लागतो. दोन वर्षांनी मालक शपथेवर सांगेल की गाडी पहिल्यासारखीच आहे, आणि तो खोटं बोलत नसेल. पहिल्यासारखी म्हणजे कशी, हे मोजायची त्याची पट्टीच गाडीबरोबर आखूड झालेली असते. गरज नाही असं सांगणारी जाणीव त्याच झिजेत सापडलेली आहे. म्हणून तिला विचारून वेळ ठरवता येत नाही, वेळ बाहेरून यावी लागते. नित्य कर्माची बाजू मला याच जागी सर्वांत भक्कम वाटते. आज संध्या करावीशी वाटत नाही, यंदा वारीला जाण्यात अर्थ वाटत नाही, एकादशीचं आता काही उरलेलं नाही, असं मन म्हणतं तेव्हा ते कदाचित खरंच सांगत असेल. पण ज्या मनाची निगा राखण्यासाठी हे सारं होतं, तेच इथे साक्षीदार आणि तेच न्यायाधीश. गाडीवरून धर्म सिद्ध होतो असं मला म्हणायचं नाही. ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजता येतं, चित्तावरचा मळ मोजायचं यंत्र कुणाकडे नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की ‘मला गरज वाटत नाही’ हे वाक्य नित्य कर्माविरुद्धचा पुरावा म्हणून टिकत नाही.

चार्वाकाचा टोला सगळ्यांना माहीत आहे: अग्निहोत्र वगैरे म्हणजे ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांची पोटाची सोय. गॅरेजवाल्यांबद्दल हेच बोललं जातं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत दर ३,००० मैलांनी ऑइल बदलण्याचा प्रघात, ऑइल आणि इंजिनं दोन्ही सुधारून गेल्यावरही कितीतरी वर्षं चालू राहिला. तो कुणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको. आकडे आकाशातून पडत नाहीत, याचा आणखी मासलेवाईक पुरावा एमएक्स-५ चाच आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या तिच्या वेळापत्रकात टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदलायचा होता, पण कॅलिफोर्नियात ६०,००० वर नुसता तपासायचा आणि १,०५,००० वर बदलायचा. बेल्ट तोच, इंजिन तेच. राज्याची सीमा ओलांडली की विधी बदलतो. पण यातून निघतं काय? आकडा माणसांनी ठरवला, त्यात कायदा आणि धंदा मिसळलेला आहे, हे निघतं. रबर म्हातारं होत नाही, हे निघत नाही. दक्षिणा मिळते म्हणून पुरोहित कर्म सांगतो, हे मान्य केलं तरी कर्म निरर्थक ठरायला वेगळा पुरावा लागेल. चार्वाकाने हेतूवर बोट ठेवलं आणि काम झालं असं मानलं.

याहून अवघड आक्षेप दुसऱ्या महायुद्धातून येतो, आणि तो प्रत्यक्ष नोंदींवर उभा आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमानं पाणबुड्यांच्या शोधात फिरत असत, आणि दर पन्नास उड्डाणतासांनी त्यांची ठरलेली तपासणी होई. जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी तासांवर मांडून पाहिल्या. बिघाड तपासणीआधी वाढत जाऊन तपासणीनंतर कमी व्हावेत, ही अपेक्षा. झालं उलटंच. तपासणी होताच अनपेक्षित दुरुस्त्या वाढत आणि पुढच्या तपासणीपर्यंत ओसरत जात. सुरळीत चाललेल्या यंत्रात हात घालणं, हेच बिघाडाचं एक कारण ठरलं होतं. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात तर स्पष्टच मांडलं की विमानाच्या तपासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्केच भाग असे होते की ज्यांना वयाची मर्यादा घालण्याचा उपयोग होता. उरलेल्या ८९ टक्क्यांना तो नव्हता, आणि बहुसंख्य भागांत बिघाडाचा धोका नवेपणीच सर्वांत जास्त होता. नित्य कर्माच्या समर्थकाने हे वाचून अस्वस्थ व्हायला हवं. प्रत्येक ‘वेळ झाली’ मागे शहाणपण असतंच असं नाही, हे इथे आकड्यांनी सिद्ध झालं आहे, आणि कर्मकांडाचं नुसतं अवडंबर मनाला मोकळं करण्याऐवजी जखडून टाकतं, ही संतांची जुनी तक्रार याच जातीची आहे.

तरी त्या ११ टक्क्यांकडे नीट पाहावं. त्यात येतात ते टायर, ब्रेक, थेट झिजणारे भाग, सतत ताण सोसून थकणारा धातू. वंगण घालणं तर त्या अहवालानेही ठरलेल्या वेळीच करायचं काम म्हणून ठेवलं. बिघाडाची शक्यता काळाबरोबर खरोखर वाढते, ती वाढ बाहेरून दिसत नाही, आणि एकदा घडलं की परत फिरता येत नाही, हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे ठरलेली वेळ योग्य. यांतलं एक जरी नसलं, तर वाट पाहणं बरं. एमएक्स-५ चा मालक बेल्टच्या बाबतीत थोडा निर्धास्त राहिला तर त्याला मी आळशी म्हणणार नाही. एलिसच्या मालकाला म्हणेन. धर्माचारालाही हीच चाळणी लावायला माझी हरकत नाही. सोवळ्याओवळ्याच्या शंभर बारकाव्यांतले कितीतरी पहिल्या फेरीतच गळतील. रोज काही काळ स्वतःला थांबवणं, पंधरवड्यातून एकदा जिभेला आवरणं, वर्षातून एकदा घर सोडून अनोळखी माणसांबरोबर चालणं, ही गळतील असं मला वाटत नाही. अहंकार कसा वाढतो, हे ज्याचा वाढतो त्याला कधीच दिसत नाही.

राहिला संवेदकांचा मुद्दा. आता गाडीच सांगते ऑइल कधी बदलायचं. मग नित्याचं नैमित्तिक झालं की नाही? काही अंशी झालं, आणि चांगलंच झालं. पण अनेक गाड्यांतली ही यंत्रणा ऑइल तपासत नाही. इंजिनाचे फेरे, तापमान, फेऱ्यांची लांबी यांवरून हिशोब मांडते. तिच्यावरही अनेक कंपन्या वर्षाची कमाल मर्यादा ठेवतातच. तारीख मागच्या दाराने परत आलीच.

बंधन मानलं म्हणजे मिनिटाकाट्याला बांधून घेतलं, असं मात्र परंपरेनेही कधी मानलेलं नाही. संध्येला मुख्य काळ आहे तसा गौण काळही आहे. वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक अर्घ्य जास्त द्यायचं आणि पुढे व्हायचं. काम्य कर्माला सगळी अंगं यथासांग लागतात, एखादं राहिलं तर फळ गेलं. नित्य कर्म मात्र यथाशक्ती केलं तरी चालतं, असा जैमिनीच्या मीमांसासूत्रांतल्या सहाव्या अध्यायाचा निर्णय आहे. मला हा भेद विलक्षण समंजस वाटतो. वाढीव ताकदीसाठी इंजिन उघडणाऱ्याने अर्धवट काम करू नये. पण वर्षाचं ऑइल महिनाभर उशिरा, घराच्या अंगणात, स्वतःच्या हाताने आणि महागड्याऐवजी साध्या पण योग्य प्रतीच्या डब्यातून बदललं, तरी ते बदललेलंच असतं. आणि आकडे बदलतात, हेही शास्त्राला नवं नाही. एके काळी विहित असलेली कित्येक कर्मं पुढे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात करू नयेत अशी, म्हणून बाजूला काढली गेली, पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांची लांबलचक यादीच आहे.

शेवटी शिक्क्याचं काय, हा प्रश्न उरतो. सर्व्हिस बुक भरलेलं असेल तर जुनी एलिस चढ्या भावाने जाते. मग जपून केलेलं नित्य कर्मही आतून काम्यच झालं, असं कुणी म्हणेल. मीमांसकांकडे यावर संयोगपृथक्त्वाचा न्याय आहे. एकच द्रव्य, एकच कर्म एका वचनाने नित्य आणि दुसऱ्या वचनाने काम्य असू शकतं; दही होमाला नेहमीचं म्हणूनही लागतं आणि इंद्रियबल हवं असणाऱ्यालाही तेच सांगितलं आहे. तेव्हा शिक्का घेणाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. फरक कळतो तो शिक्क्याला जागा नसलेल्या कामांत. एलिसच्या पोटाखाली झाकणाचे पत्रे असतात. ते स्क्रू काढून उतरवल्याशिवाय खालच्या नळ्या नीट दिसत नाहीत. नाकातला रेडिएटर गंजलाय का, हे पाहायला खाली झोपून टॉर्च मारावा लागतो, आणि तो बदलायचा तर पुढचं अख्खं आवरण उतरवावं लागतं. भाव वाढवायला निघालेला मालक ऑइल बदलतो, शिक्का घेतो आणि पत्रे तसेच ठेवतो.